शहाण्याने ही पायरी चढावी

व्हर्जिनिया राज्यात बर्फाळ सकाळी एखादी गाडी घसरून रस्त्याकडेच्या कठड्याला धडकली आणि कुणाला साधे खरचटलेही नाही, तरी थोड्या वेळाने आलेला पोलीस चालकाच्या हातात एक कागद ठेवू शकतो. दिसायला तो साध्या तिकिटासारखाच असतो. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, कोर्टाची तारीख आणि खाली सही. त्यावरचे कलम मात्र नीट वाचावे लागते. 'गाडीवर योग्य ताबा नसणे' आणि 'परिस्थितीच्या मानाने अवाजवी वेग' हे दोन्ही प्रकार त्या राज्याच्या वाहन कायद्यात 'रेकलेस ड्रायव्हिंग', म्हणजे बेदरकार वाहनचालन, या सदरात बसवलेले आहेत. हा नुसता नियमभंग नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. कमाल शिक्षा १२ महिने कैद आणि २५०० डॉलर दंड. नुसते घसरल्याबद्दल कुणाला वर्षभर तुरुंगात टाकत नाहीत, हे खरे. पण दोषी ठरलेल्या चालकाच्या नावावर ६ पॉइंट चढतात, ती नोंद ११ वर्षे राहते, आणि 'तुम्ही कधी गुन्ह्यात दोषी ठरला आहात का' या प्रश्नाला पुढे प्रत्येक वेळी खरे उत्तर द्यावे लागते.

वॉशिंग्टनच्या पश्चिमेला लाउडन आणि फेअरफॅक्स काउंटीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यातले अनेक जण पुण्याहून, नागपूरहून थेट तिथल्या पहिल्या हिवाळ्यात उतरलेले असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनला, शिकागोला, डेट्रॉइटच्या उपनगरांत हीच गोष्ट वेगळ्या कलमांनी घडते. असे तिकीट हाती आले की 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे घरातून नेलेले शहाणपण आधी आठवते. ज्या देशात दिवाणी दावा आजोबांनी लावायचा आणि नातवाने निकाल ऐकायचा, तिथे ते शहाणपण अनुभवातून आलेले आहे. बर्फातल्या अपघातानंतरच्या तिकिटाला मात्र ते लागू पडत नाही. हे तिकीट बहुतेक वेळा घटना न पाहिलेल्या माणसाने, परिणामावरून मागे तर्क करत लिहिलेले असते. असा तर्क पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, म्हणून त्याला कोर्टात उत्तर मागितले पाहिजे. चालक निर्दोष असेलच असे मी म्हणत नाही. तो दोषी आहे हे कुणीतरी सिद्ध करावे, एवढीच मागणी आहे.

पोलिसाच्या अधिकारापासून सुरुवात करू. व्हर्जिनियात किरकोळ फौजदारी गुन्ह्यासाठी वॉरंटशिवाय अटक करायची, तर तो गुन्हा सर्वसाधारणपणे अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडलेला असावा लागतो. या नियमाला कायद्यानेच काही अपवाद दिले आहेत आणि त्यातला एक मोटार अपघाताचा आहे. घटनास्थळी स्वतः केलेल्या चौकशीवरून, साक्षीदारांच्या सांगण्यावरून, अधिकारी कारवाई करू शकतो. अपवाद समजण्यासारखा आहे, कारण अपघात पोलिसाची वाट पाहत थांबत नाहीत. पण अपवादाची किंमत पुढे खटल्यात मोजावी लागते. भर उन्हात रडारवर ९० मैलांचा वेग टिपणाऱ्या अधिकाऱ्याकडे आकडा असतो. बर्फात फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभ्या राहिलेल्या गाडीजवळ २० मिनिटांनी पोहोचलेल्या अधिकाऱ्याकडे काय असते? चाकांच्या खुणा, तुटलेला बंपर आणि चालक जे बोलला ते. यातली शेवटची गोष्ट सर्वांत धोक्याची. आपल्याकडे भांडण वाढू नये म्हणून 'चुकलंच माझं, जरा जोरातच होतो' असे सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याच्या मनात ते सौजन्य असते. कोर्टात तेच वाक्य कबुली म्हणून वाचले जाते, आणि पुष्कळदा सगळ्या प्रकरणात तेवढाच एक खरा पुरावा असतो. नाव, पत्ता, लायसन्स, रजिस्ट्रेशन देणे बंधनकारक आहे, ते द्यावे. स्वतःच्या वेगाबद्दल अंदाज बोलून दाखवण्याचे बंधन नाही.

परिणामावरून कारण काढणे इतके सोपे का वाटते? कारण कोरड्या रस्त्यावर ते बऱ्यापैकी जमते. लख्ख उजेडात सरळ, कोरड्या रस्त्यावरून गाडी बाहेर गेली, तर चालक झोपेत होता, फोनमध्ये होता किंवा वेड्यासारखा पळवत होता, असा अंदाज करता येतो. बर्फावर हे गणित मोडते. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ धरतात, निसरड्या बर्फावर तो ०.१ च्या आसपास येतो. ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. त्याच गाडीला बर्फावर ९० मीटरहून जास्त अंतर लागते. वेग निम्मा करून ताशी १५ मैलांवर आणला, तरी २३ मीटर लागतातच. म्हणजे मर्यादेच्या अर्ध्या वेगाने जाणारा सावध माणूसही कोरड्या रस्त्यावरच्या बेफिकीर माणसापेक्षा जास्त घसरेल. त्यात 'ब्लॅक आइस' नावाचा पारदर्शक थर नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. पुलाखालून वारा वाहत असल्याने पूल मागच्या-पुढच्या रस्त्याच्या आधी गोठतो, आणि चालक कोरड्यावरून एकदम काचेवर येतो. गाडी घसरली यावरून रस्ता घसरडा होता एवढे नक्की कळते. ती किती वेगात होती हे नुसत्या घसरण्यावरून कळत नाही.

हे अमेरिकन न्यायालयांना कळत नाही असे नाही. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० सालीच सांगितले आहे की, अपघात घडला एवढ्यावरून बेदरकारपणाचा निष्कर्ष काढता येत नाही. बेदरकारपणा म्हणजे इतरांच्या जिवाची पर्वा न करणे. ही मनोवृत्ती आहे, आणि ती वागण्यातून दाखवून द्यावी लागते. आरोप फौजदारी असल्याने तो वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका याच वाटेची आहे. १९७९ च्या एका बस अपघाताच्या निकालात न्यायालयाने म्हटले की, 'घटनाच स्वतः बोलते' हे दिवाणी भरपाईच्या दाव्यांतले तत्त्व फौजदारी निष्काळजीपणाला जसेच्या तसे लावता येणार नाही. १९९८ साली कर्नाटकातल्या एका ट्रक अपघाताच्या खटल्यात ते आणखी स्पष्ट बोलले. गाडी 'भरधाव' होती एवढे म्हणून भागत नाही, कारण भरधाव हा शब्द सापेक्ष आहे. भरधाव म्हणजे त्या जागी, त्या वेळी किती, हे साक्षीदाराने सांगितले पाहिजे. तरीही महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद उघडा, 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने' ही शब्दावली ठशासारखी उमटलेली दिसेल. घाटातले धुके असो की पहिल्या पावसात तेलकट झालेला रस्ता असो, वाक्य तेच. व्हर्जिनियातल्या समन्सवरचे 'ताबा सुटला' हे त्याचेच भावंड. न्यायालये जे तत्त्व सांगतात ते रस्त्याच्या कडेला कागद भरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचवण्याचा मार्ग एकच आहे, आरोपीने खटल्यात ते मांडणे. कुणी मांडलेच नाही, तर १९७० चा निकाल ग्रंथालयात पडून राहतो.

आणखी एका गोष्टीकडे या तिकिटांमुळे दुर्लक्ष होते, ती म्हणजे रस्ता. ३ जानेवारी २०२२ ला व्हर्जिनियातून जाणारा आय-९५ हा पूर्व किनाऱ्याचा प्रमुख महामार्ग बर्फात गाडला गेला. शेकडो गाड्या दिवसभर, रात्रभर आणि काही तर २४ तासांहून जास्त अडकून पडल्या. त्याच राज्याचे सिनेटर टिम केन वॉशिंग्टनला पोहोचायला २७ तास त्या रस्त्यावर होते. राज्याच्या वाहतूक विभागाचे स्पष्टीकरण असे होते की, वादळ पावसाने सुरू झाले, त्यामुळे आधी मिठाचे पाणी फवारले असते तर ते वाहून गेले असते, म्हणून फवारणी केली नव्हती. हे स्पष्टीकरण खोटे म्हणता येत नाही. निसर्गापुढे यंत्रणा कमी पडली, हे लोकांनी बऱ्याच अंशी मान्यही केले. पण त्याच वादळात, त्याच न फवारलेल्या रस्त्यावर घसरलेल्या चालकाला 'निसर्गापुढे मी कमी पडलो' असे म्हणायची सोय असावी की नाही? यंत्रणेला परिस्थितीचा फायदा आणि चालकाला परिस्थितीचा दंड, अशी वाटणी न्याय्य नाही.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचे उदाहरण याहून बोलके आहे. ११ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे गोठणाऱ्या पावसाने आय-३५ डब्ल्यू महामार्गाच्या टोल मार्गिकांवर बर्फाचा थर जमला आणि सव्वाशेहून जास्त गाड्या एकमेकांवर आदळत गेल्या. ६ जण मेले. पहिल्या दिवसाची दृश्ये पाहून कुणीही म्हणाले असते की हे सगळे बेफाम चालवत होते. वेग जास्त होता हेही तपासात आले. पण राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सविस्तर चौकशी केली तेव्हा मुख्य ठपका टोल रस्ता चालवणाऱ्या कंपनीच्या देखरेखीवर आला. रस्त्यावर मिठाचे द्रावण फवारून सुमारे ४४ तास उलटले होते, आणि उंचावरच्या त्या भागावर बर्फ धरते आहे हे वेळेत ओळखून उपाय केला गेला नव्हता. एवढी चौकशी झाली कारण ६ माणसे गेली आणि चित्रफिती जगभर पोहोचल्या. एकट्या गाडीच्या, कुणी न मेलेल्या अपघाताची अशी चौकशी कुणी करत नाही. तिथे तिकीट हाच चौकशीचा शेवट असतो. चालकाने मान खाली घालून दंड भरला की फाइल बंद होते, आणि पुढच्या वादळात त्याच पुलावर पुढची गाडी घसरते. त्याच वळणावर एका हिवाळ्यात १० 'बेदरकार' चालक निपजत असतील, तर दोष चालकांच्या स्वभावात शोधायचा की वळणात, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे यायला हवा.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: बर्फ दिसत असताना गाडी बाहेर काढलीच का? मोजून-मापून चालवण्याइतका ताबा नसेल तर घरी बसावे. ऐकायला हे निरुत्तर करणारे वाटते. पण कायद्याला खरोखर हेच म्हणायचे असेल तर तसे म्हणण्याची साधने त्याच्याकडे आहेत. ओहायोत काउंटीचा शेरीफ बर्फाच्या आणीबाणीचे तीन स्तर जाहीर करतो. तिसऱ्या स्तरावर रस्ते सामान्य वाहनांना बंद होतात आणि बाहेर पडणाऱ्याला अटकही होऊ शकते. ईशान्येकडच्या राज्यांचे गव्हर्नर मोठ्या वादळात प्रवासबंदी लावतात. बंदी मोडून जो घसरला त्याची बाजू मी घेणार नाही. पण रस्ता उघडा ठेवला, शाळा, दवाखाने, गोदामे उघडी ठेवली, हॉस्पिटलातल्या नर्सने आणि गोदामातल्या कामगाराने वेळेवर हजर व्हावे अशी अपेक्षा ठेवली, आणि वाटेत ती घसरली की 'निघालीसच कशाला' असे विचारले, तर तो कायदा राहत नाही. घरून काम करण्याची मुभा असलेल्या वर्गाने इतरांना शिकवलेले ते शहाणपण ठरते.

दुसरा आक्षेप मृतांच्या आकड्यांचा. फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या माहितीनुसार अमेरिकेत बर्फाळ किंवा बर्फाच्या चिखलाने माखलेल्या रस्त्यांवर दर वर्षी १३०० हून अधिक माणसे मरतात आणि १ लाख १६ हजारांहून अधिक जखमी होतात. अशा वेळी कायदा कडकच हवा, तिकिटे लढवायला शिकवणे म्हणजे बेफिकिरीला उत्तेजन, असे कुणी म्हणेल. आकडे भयंकर आहेत, यात वाद नाही. पण कडक कायदा आणि मोघम कायदा यांत फरक आहे. न्यू जर्सीत गाडीच्या टपावरचा, काचांवरचा बर्फ साफ न करता रस्त्यावर आले तर २५ ते ७५ डॉलर दंड आहे, बर्फ कुणावर पडला नाही तरी. टपावरून उडालेल्या बर्फाने कुणाला इजा झाली किंवा नुकसान झाले तर तो १००० डॉलरपर्यंत जातो. व्हर्जिनियात पावसा-बर्फामुळे वायपर चालू असतील तर हेडलाइट लावणे सक्तीचे आहे. असे नियम कडक करा, दुप्पट करा. माझी हरकत नाही. त्यात काय करायचे ते आधी कळते आणि केले की नाही ते नंतर तपासता येते. 'ताबा ठेवा' या आज्ञेचे तसे नाही. ती पाळली होती की मोडली, हे फक्त अपघात झाल्यावर ठरते. माँटाना राज्यात १९९५ च्या अखेरीपासून दिवसा आकड्यातली वेगमर्यादाच नव्हती. 'वाजवी' वेगाने चालवा एवढाच नियम होता. १९९८ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो संदिग्ध म्हणून रद्द केला, कारण गुन्हा कोणत्या वेगापाशी सुरू होतो हे सामान्य माणसाला कळण्याची सोय नव्हती. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ताशी ७५ मैलांची मर्यादा घातली. इतर राज्यांनी आकड्याच्या जोडीला 'वाजवी वेगा'चा नियम ठेवला आहे, आणि तो असावाही; धुक्यात, बर्फात पाटीवरचा आकडा हा परवाना होऊ नये. मात्र असा मोघम नियम वापरणाऱ्याने पुराव्याची बाजू तितकीच पक्की ठेवायला हवी. माझे भांडण नियमाशी नाही, त्याच्या आळशी वापराशी आहे.

तिसरे म्हणणे व्यवहाराचे, आणि मराठी घरांत तेच सर्वांत जास्त चालते: दंड भरा, मोकळे व्हा, एक दिवसाची सुट्टी आणि वकिलाची फी वाचेल. मुंबई-पुण्यात ई-चलनाचे पैसे लोकअदालतीपर्यंत थकवत ठेवायचे आणि मग तडजोडीत मिटवायचे, ही सवय ज्यांना आहे त्यांना तिथला दंड हाही असाच मिटवण्याचा विषय वाटतो. पण तिकिटावरच्या आकड्यापाशी हिशेब संपत नाही. व्हर्जिनियात रेकलेसच्या आरोपासाठी कोर्टात जावेच लागते, तरी तिथे उभे राहून 'गिल्टी' म्हणून पाच मिनिटांत बाहेर पडता येते. त्या पाच मिनिटांची कबुली पुढे भरपाईच्या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून वाचता येते, आणि साध्या तिकिटाचा दंड आगाऊ भरून टाकणे हेही त्या राज्यात कबुलीच्याच पंक्तीत बसते. त्यातून व्हर्जिनिया हे अजूनही जुन्या सहदोषाच्या नियमाला धरून असलेल्या मोजक्या राज्यांपैकी एक. दुसऱ्याच्या चुकीने तुमचे हाड मोडले असले, तरी तुमचा थोडा जरी दोष अपघाताला कारण ठरला, तर भरपाईचा हक्क जातो. म्हणजे बर्फात मागून कुणी ठोकले, दोघांनाही तिकीट मिळाले आणि तुम्ही सौजन्याने आपले मान्य करून टाकले, तर हॉस्पिटलचे बिल तुमच्याच गळ्यात. न्यू जर्सीत निदान एवढी सोय आहे की म्युनिसिपल कोर्टात गुन्हा कबूल करताना ही कबुली दिवाणी दाव्यात वापरता येणार नाही अशी अट मागता येते. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. इन्शुरन्सचा हप्ता वाढतो तो वेगळाच. आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत व्हिसाच्या अर्जावरही अटक आणि दोषसिद्धीचा प्रश्न असतो. एका घसरण्याने व्हिसा जातो अशी भीती पसरवण्याचे कारण नाही, तसे सहसा होत नाही. पण ज्याचे सगळे आयुष्य एका शिक्क्यावर टांगलेले आहे त्याने फौजदारी नोंद सवड नाही म्हणून स्वीकारावी, हे मला पटत नाही.

लढवणे म्हणजे पोलीस आला नाही तर सुटू या आशेवर तारखा घेणे नव्हे. तो जुगार आहे, आणि न्यायालयाचा अपमानही. लढवणे म्हणजे त्या दिवशीचा रस्ता कोर्टासमोर उभा करणे. जवळच्या विमानतळावरच्या तासातासाच्या हवामान नोंदी मिळतात आणि त्यांच्या प्रमाणित प्रती मागवता येतात. त्या पुलावर मीठ कधी टाकले याची माहिती वाहतूक विभागाकडे माहिती अधिकाराच्या तिथल्या कायद्याखाली मागता येते. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात तो स्वतः त्याच बर्फावर जपून पाऊल टाकताना दिसत असेल, तर त्याहून बोलका साक्षीदार नाही. बहुतेक नव्या गाड्यांत धडकेआधीच्या निदान ५ सेकंदांचा वेग आणि ब्रेकची स्थिती नोंदवणारे उपकरण असते. २०१५ च्या फेडरल कायद्यानुसार ती माहिती गाडीच्या मालकाची आहे, पण गाडी भंगारात गेली की माहितीही जाते, म्हणून ती लवकर काढून घ्यावी लागते. टायरचे फोटो, खाचांची खोली, मागच्या सर्व्हिसिंगची पावती, हे सगळे पहिल्या आठवड्यातच गोळा करायचे. आणि इथेच दुसरी बाजू येते. हीच साधने चालकाविरुद्धही बोलतात. उपकरणात ताशी ६० मैलांचा आकडा निघाला, टायर पार गुळगुळीत झालेले असले, समोरच्या काचेवर बर्फ खरवडून फक्त डोळ्यांपुरते भोक पाडलेले असले किंवा हातात फोन होता हे नोंदींत दिसले, तर खोटे बोलून सुटण्याचा प्रयत्न करू नये. अशा चालकाने कबूल करावे आणि शिक्षा भोगावी. पुरावा मागणाऱ्याला पुरावा विरुद्ध गेला तर तो मानण्याचीही तयारी हवी, नाहीतर वरचा सगळा युक्तिवाद पळवाट ठरेल.

दोन टोकांच्या मध्ये व्हर्जिनियाच्या कायद्याने एक जागा ठेवली आहे. दोष किरकोळ असेल तर न्यायाधीश, किंवा निकालाआधी सरकारी वकील, रेकलेसचा आरोप 'इम्प्रॉपर ड्रायव्हिंग'वर, म्हणजे अयोग्य वाहनचालनावर, उतरवू शकतात. तो फौजदारी गुन्हा नाही. दंड ५०० डॉलरपर्यंत, ३ पॉइंट आणि ३ वर्षांची नोंद. पुष्कळ बर्फाच्या खटल्यांचा शेवट इथे होतो आणि पुष्कळदा तो योग्यही असतो. थंडीचा अंदाज असूनही पुलाआधी वेग थोडा कमी केला नाही, एवढाच दोष असलेल्या माणसाला हे माप बरोबर बसते. माझी तक्रार अशी की, ही तडजोड मोठ्या आरोपाच्या धाकाने मिळवली जाते. आधी तुरुंगाची शक्यता दाखवायची आणि मग दंडावर सोडल्याचे उपकार करायचे, या पद्धतीत मूळ आरोपाला पुरावा होता का हे तपासलेच जात नाही. दुकानदाराने किंमत दुप्पट लिहून निम्म्याने द्यावी, तसा हा सौदा आहे. विधिमंडळाला सुधारणा करायचीच असेल तर जिथे इजा नाही, दारू नाही, मोजलेला वेग नाही, तिथे आरोपाची सुरुवातच किरकोळ नियमभंगापासून व्हावी, आणि बेदरकारपणा म्हणायचा असेल तर समन्सवर त्याचे निदान एक ठोस कारण लिहिण्याची सक्ती असावी. 'ताबा सुटला' हे कारण नव्हे, ती फक्त घटना झाली.

न्यायाधीशांचा वेळ जाईल, कोर्टे तुंबतील, हा आक्षेप उरतो. तुंबू द्यावीत असे मी म्हणणार नाही, पण गर्दीची जबाबदारी कागद देणाऱ्यावर आधी आहे, उत्तर मागणाऱ्यावर नंतर. चार-दोन तिकिटे पुराव्याअभावी रद्द झाली की पुढच्या वादळात कागद लिहिण्याआधी हात थबकेल, आणि मग कोर्टातली रांगही आखडेल.

ज्यांची मुले, सुना, जावई त्या देशात या हिवाळ्यात पहिल्यांदा गाडी चालवणार आहेत, त्यांनी स्वेटर-मफलरच्या सूचनांबरोबर एवढे जरूर कळवावे. समन्सवर सही करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे. ते फक्त हजर राहण्याचे वचन आहे, म्हणून सहीला नकार देऊन पोलिसाशी वाद घालू नये. भाषेची अडचण असेल तर फौजदारी खटल्यात दुभाषा मागता येतो, त्याचा खर्च आरोपीवर पडत नाही. जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर १० दिवसांच्या आत सर्किट कोर्टात अपील करता येते, आणि तिथे खटला पहिल्यापासून, हवा तर ज्युरीपुढे, नव्याने चालतो. तारीख मात्र चुकवू नये. गैरहजर राहणे हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो सिद्ध करायला सरकारला हवामानाचा किंवा रस्त्याचा कोणताही पुरावा लागत नाही.